चार वर्षं खेळला, आता कोच व्हायचंय

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय ना, याची तुम्हाला खात्री पटेल. मुलगा ओहायोतल्या एका छोट्या डिव्हिजन थ्री (कॉलेजच्या खेळांच्या तीन स्तरांतला सगळ्यांत खालचा) कॉलेजात चार वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला, जागा कॉर्नरबॅकची. मे महिन्यात इकॉनॉमिक्सची पदवी हातात आली. विमा कंपनीतली चांगली नोकरी चालून आलेली आहे, आणि तो म्हणतो, मला कोच व्हायचंय. त्यासाठी त्याच्यापुढे दोन जागा आहेत. एक स्वतःच्याच कॉलेजात, थोड्या मानधनावर मदतनीस कोच म्हणून. दुसरी परराज्यातल्या डिव्हिजन टू कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंटची, म्हणजे मास्टर्सची फी माफ, जेमतेम खर्चापुरता स्टायपेंड आणि दिवसरात्र फुटबॉल. तुम्ही विचारलंय की यात पोट भरतं का, हे वेड चार दिवसांचं तर नाही ना, आणि हो म्हणायचं झालं तर कोणत्या जागेला.

मी नववीत असताना आई-बाबांबरोबर अमेरिकेत आलो, पुढे कॉलेजात सेफ्टी म्हणून खेळलो आणि गेली एकवीस वर्षं कॉलेजातच कोचिंग करतोय. त्यातली बहुतेक वर्षं सेकंडरीची पोरं सांभाळण्यात गेली. सेकंडरी म्हणजे सगळ्यांत मागे राहून पास अडवणारे, कॉर्नर आणि सेफ्टी. तुमचा मुलगा त्यातलाच, त्यामुळे त्याच्याबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटतेय हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट त्यालाच वाचून दाखवा. खेळाडू म्हणून त्याला जे येतं, ते त्याला सांगता येत नाही. त्याला वाटत असेल की येतं. मलाही वाटायचं.

जीए म्हणून माझा पहिला ऑगस्ट. (ग्रॅज्युएट असिस्टंटला सगळे जीएच म्हणतात.) माझ्याकडे एक फ्रेशमन कॉर्नर दिला होता, पायाला वेगवान, मनाने चांगला. रिसिव्हरपासून, म्हणजे पास झेलायला धावणाऱ्या समोरच्या खेळाडूपासून, सात यार्ड मागे उभा राहायचा. रिसिव्हर पाच-सहा यार्ड धावून थांबल्यासारखं करायचा, खांदे वळवायचा, मान मागे टाकायचा, की हा पठ्ठ्या झेप घेऊन पुढे. आणि रिसिव्हर त्याच्या बाजूने सरळ निघून जायचा, टचडाउन, म्हणजे समोरच्यांना गुण. एका सकाळी हे तीनदा झालं. मी तिन्ही वेळा ओरडलो, “फसू नकोस!” तिसऱ्या वेळी तो धापा टाकत माझ्याजवळ आला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “कोच, मग मी बघू कुठे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार वर्षं मी त्याच फसव्या धावांना फसलो नव्हतो, पण मी कुठे बघायचो हे मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री ऑफिसात बसून मी स्वतःची जुनी फिल्म काढली. एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, बाजूच्या कॅमेऱ्यातून हेल्मेटचा रोख बऱ्यापैकी कळतो. एकेक प्ले (बॉल सुरू होण्यापासून थांबेपर्यंतचा एक डाव) पुढे-मागे करत पाहिला आणि लक्षात आलं की माझी नजर रिसिव्हरच्या कमरेवर असायची. डोकं खोटं बोलतं, खांदे खोटं बोलतात, हातही. पण ज्याला खरोखर थांबायचंय त्याला कंबर खाली घ्यावीच लागते आणि पावलं आखूड करावी लागतात, नाहीतर त्याचा वेग त्याला पुढे फेकून देईल. फसवणाऱ्याची कंबर उंचच राहते, कारण त्याला पुन्हा पळायचंय.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला एवढंच सांगितलं, “पट्ट्याच्या जागी बघ. पट्टा खाली गेला तर जा, नाही गेला तर मागेच राहा.” आणि वीस मिनिटं बॉल बाजूला ठेवून दिला. मी स्वतः रिसिव्हर झालो, कधी खरा थांबलो, कधी खोटा, आणि तो फक्त “खाली” किंवा “वर” एवढंच मोठ्याने सांगत राहिला. पाय हलवायचे नाहीत, नुसतं सांगायचं. चौथ्या दिवशी पाय आपोआप शांत झाले. मी कोच झालो तो त्या दिवशी, असं मी मानतो. त्याआधी मी फक्त शिट्टी गळ्यात घातलेला माजी खेळाडू होतो.

तर, तुमच्या मुलापुढचं काम हे आहे. अंगात मुरलेलं सगळं पुन्हा बाहेर काढायचं, त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक छोटा शब्द द्यायचा. मैदानावर लांबलचक वाक्यं चालत नाहीत. दोन प्लेंच्या मध्ये जास्तीत जास्त ४० सेकंद असतात, त्यात पोराला सिग्नल बघायचा असतो, जागेवर जायचं असतं आणि श्वासही घ्यायचा असतो. तुम्ही तीन शब्दांत सांगू शकलात तर शिकवलंत.

दुसरं काम त्याहून मोठं आहे, आणि बहुतेक माजी खेळाडू इथेच अडकतात. खेळताना त्याला अकरापैकी एकाचं काम माहीत असणं पुरेसं होतं. कोचला अकराही जणांचं कळावं लागतं, आणि समोरच्या अकरांचंही. कॉर्नर सगळ्यांपासून दूर, कडेला उभा असतो. आत लाइनमध्ये काय चालतं हे त्याला चार वर्षांत क्वचितच दिसलेलं असतं. क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, किती वेळ मिळणार हे आतले पाच ऑफेन्सिव्ह लाइनमन कसे ब्लॉक करतात त्यावर ठरतं, आणि कॉर्नरने किती वेळ टिकून राहायचं हे त्या वेळेवर. म्हणून मी माझ्या प्रत्येक नव्या जीएला पहिल्या वसंतात ऑफेन्सिव्ह लाइनच्या मीटिंगमध्ये मागच्या रांगेत बसवतो. वही घेऊन बसायचं, बोलायचं नाही. कुरकुर करतात. दोन महिन्यांनी स्वतःहून जाऊन बसतात.

आता जीएचा दिवस कसा असतो ते सांगतो, कारण तुम्हाला ते कुणी सांगितलं नसणार आणि मुलाने सांगितलं असेल तर गोड करून सांगितलं असेल.

शनिवारी सामना. रविवारी दुपारी आपल्या सामन्याची फिल्म खेळाडूंना दाखवून झाली की पुढच्या प्रतिस्पर्ध्याची फिल्म उघडायची, साधारण त्यांचे मागचे चार सामने. प्रत्येक प्लेची नोंद करायची: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), दहापैकी किती यार्ड उरलेत, बॉल कोणत्या हॅशवर (मैदानावरच्या खुणांच्या दोन ओळींपैकी), मैदानावर कोणते खेळाडू (बॉल घेऊन धावणारा एक रनिंग बॅक आणि लाइनच्या टोकाला उभा राहणारा एक टाइट एंड असेल तर आम्ही त्याला ‘इलेव्हन’ म्हणतो), फॉर्मेशन, म्हणजे मांडणी, काय, कुणी मोशन घेतली (प्ले सुरू होण्याआधी जागा बदलली), धाव की पास, कोणत्या बाजूला. हडलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे रकाने भरायचे. एका सामन्यात एका संघाचे साठ-सत्तर प्ले असतात; चार सामने म्हणजे अडीचशेच्या वर. मग त्यातून आकडे काढायचे: तिसऱ्या डाउनला सातपेक्षा जास्त यार्ड हवे असतील तेव्हा हे काय करतात? स्वतःच्या वीस यार्डांच्या आत अडकले की कुणाकडे बॉल देतात? हे सगळं सोमवारी सकाळी कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे डिफेन्स किंवा ऑफेन्स आखणाऱ्या कोचच्या, टेबलावर हवं. यात एका ठिकाणी ‘उजवीकडे’च्या जागी ‘डावीकडे’ लिहिलं गेलं, तर शनिवारी एक विशीतला पोरगा चुकीच्या दिशेने झेप घेतो, आणि दोष त्याच्यावर येतो.

मग कार्डं. प्रतिस्पर्ध्याचे प्ले मोठ्या कागदावर काढायचे, जाड पेनने, प्रत्येक गोल आणि रेघ लांबून दिसेल अशी. मंगळवारी आणि बुधवारी सरावात राखीव खेळाडूंचा स्काउट टीम नावाचा गट प्रतिस्पर्धी बनतो. त्यांच्या घोळक्यात उभं राहून हे कार्ड डोक्यावर धरायचं आणि दहा सेकंदांत अकरा जणांना त्यांचं काम दाखवायचं. सराव पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत चालतो, भोंगा वाजला की पुढचा तुकडा. कार्डांचा क्रम चुकला की अख्खी प्रॅक्टिस जीएकडे बघत उभी राहते.

हे काम कंटाळवाणं आहे असं लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे. अडीचशे प्ले स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय खेळ आतून कळत नाही. बिल बेलिचिक वेस्लियन विद्यापीठात खेळला, म्हणजे तुमच्या मुलासारखाच छोट्या कॉलेजचा खेळाडू. १९७५ मध्ये त्याने बाल्टिमोर कोल्ट्स या व्यावसायिक संघाकडे आठवड्याला २५ डॉलरवर सुरुवात केली, ती फिल्म फोडण्याच्या, म्हणजे अशाच नोंदी करण्याच्या, कामाने. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याने पुढे सहा सुपर बोल (व्यावसायिक लीगचे अंतिम सामने) जिंकले. प्रत्येक फिल्म फोडणारा बेलिचिक होत नाही हे मलाही माहीत आहे. पण मला भेटलेल्या चांगल्या कोचेसमध्ये ही पायरी टाळलेला एकही नाही.

एक गोष्ट मात्र फिल्ममधून शिकता येत नाही, आणि तीच मला त्याच्या दोन जागांमधली निवड ठरवताना सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

मी जीए झालो तो माझ्याच कॉलेजात. सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्याबरोबर राहत होतो, जेवत होतो, त्यांचा मी कोच झालो. त्यातला एक माझा रूममेट, शेवटच्या वर्षाचा सेफ्टी. तिसऱ्या सामन्यात त्याने एका रनिंग बॅकला अडवलं, उठला, आणि हडलमध्ये, म्हणजे आपल्या संघाच्या घोळक्यात, जाताना दोन पावलं चुकीच्या बाजूला गेला. मग वळला. बाजूच्या रेषेवरून आमची नजरानजर झाली. त्याने हाताने खूण केली, ठीक आहे. त्याचा चेहरा मला ठाऊक होता, तो ठीक नव्हता. आणि मी दोन प्ले गप्प राहिलो. कारण तो मित्र होता, त्याचं शेवटचं वर्ष होतं, आणि त्याला बाहेर काढलं तर तो मला माफ करणार नाही असं मला वाटलं. दोन प्लेंनंतर मी अॅथलेटिक ट्रेनरला, म्हणजे संघाच्या दुखापती बघणाऱ्याला, सांगितलं. कन्कशन होतं, मेंदूला मार. तीन आठवडे बाहेर बसला, पूर्ण बरा झाला, आजही आम्ही बोलतो. पण त्या दोन प्लेंमध्ये त्याच्या डोक्याला दुसरा मार बसला असता तर काय झालं असतं, हे मी ट्रेनरच्या तोंडून नंतर ऐकलं आणि त्या रात्री झोपलो नाही.

२००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड नावाचा तेरा वर्षांचा मुलगा डोक्याला मार बसल्यावर त्याच सामन्यात पुन्हा खेळायला उतरला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्याच्या नावाने २००९ मध्ये त्या राज्यात कायदा झाला: शंका आली की मुलाला बाहेर काढायचं, आणि वैद्यकीय तज्ज्ञाने लेखी परवानगी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. पुढच्या काही वर्षांत सगळ्या राज्यांनी शालेय खेळांसाठी असे कायदे केले. कॉलेजात याचे वेगळे नियम आहेत, पण गाभा तोच. नियम कागदावर सोपा आहे. मैदानावर त्याची परीक्षा मित्राच्या चेहऱ्यासमोर होते.

म्हणून माझं स्पष्ट मत: स्वतःच्या कॉलेजची जागा घेऊ नये. निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. तिथे पोरं त्याला नावाने हाक मारतील, त्याच्यासमोर कोचेसच्या तक्रारी करतील, शुक्रवारी रात्री कुठे जमायचं ते सांगतील, आणि त्याला दर वेळी ठरवावं लागेल की मी कुणाच्या बाजूचा. बावीस वर्षांच्या मुलावर हा ताण उगाच आहे. परक्या गावी तो पहिल्या दिवसापासून कोच असेल.

त्याच्या डोक्यावर उन्हाचीही जबाबदारी येणार आहे, तेही लिहितो. ऑगस्टचा कॅम्प म्हणजे उन्हात हेल्मेट, पॅड आणि धावपळ. २००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा कोरी स्ट्रिंगर सराव करताना उष्माघाताने गेला. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर, एकोणीस वर्षांचा. अशा वेळी मुलाला लगेच गार पाण्याच्या टबात बुडवायचं, शक्य तितक्या लवकर, अर्ध्या तासाच्या आत ताप उतरला पाहिजे, रुग्णवाहिका त्यानंतर. आधी गारवा, मग गाडी. टब भरून तयार आहे का, बर्फ आहे का, हे बघायला कुणीतरी सरावाच्या आधी जातं, आणि आमच्याकडे ते काम मी स्वतः करतो. तुमच्या मुलाला सांगा, जिथे जाशील तिथे पहिल्या दिवशी हा टब कुठे ठेवतात ते विचार. त्या उत्तरावरून त्याला त्या कॉलेजबद्दल पुष्कळ कळेल.

आता पोटाचा प्रश्न. तो तुम्ही सगळ्यांत आधी विचारलात आणि मी इतक्या उशिरा घेतोय, याबद्दल राग मानू नका.

सुरुवातीची पाच-सात वर्षं पैसे कमी असतात. खोटं बोलणार नाही. जीएची दोन वर्षं मास्टर्स फुकट होतं ही खरी कमाई, म्हणून ते मास्टर्स कशात करतो हे फार महत्त्वाचं. बरेच जण सोपं पडतं म्हणून क्रीडा-व्यवस्थापन घेतात. तुमच्या मुलाकडे इकॉनॉमिक्स आहे. त्याने एमबीए किंवा डेटाशी संबंधित काही घ्यावं. एक तर आता संघांमध्ये आकड्यांचं काम वाढलंय, चौथ्या डाउनला खेळायचं की पंट करायचं (लाथेने बॉल लांब पाठवून द्यायचा) यासाठी तक्ते बनतात, ते समजणारा तरुण कोच लगेच उपयोगी पडतो. आणि दुसरं, कोचिंगमधून कधी बाहेर पडावं लागलं तर हात रिकामे राहत नाहीत. क्लेमसन विद्यापीठाचा कोच डॅबो स्विनी अलाबामा विद्यापीठात रिसिव्हर होता, तिथेच जीए झाला, एमबीए केलं, असिस्टंट कोच झाला. २००० च्या हंगामानंतर सगळ्या स्टाफसकट त्याची नोकरी गेली. दोन वर्षं तो बांधकाम-मालमत्तेच्या व्यवसायात होता. २००३ मध्ये क्लेमसनने बोलावलं, आणि २०१६ व २०१८ च्या हंगामांत त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याच्याबरोबर बहुधा सगळा स्टाफ जातो, चांगलं काम करणारासुद्धा. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मुलगी दुसरीत होती आणि तिने विचारलं की आता कुठल्या रंगाचा शर्ट घालायचा. हे घडणारच आहे असं धरून घर चालवावं लागतं, आणि त्याने पुढे लग्न केलं तर समोरच्या व्यक्तीला हे आधी सांगावं.

आरोग्य विम्याची काळजी तुम्ही नक्की करत असाल: सव्विसाव्या वर्षापर्यंत तो तुमच्या विम्यावर राहू शकतो. म्हणजे जीएची दोन्ही वर्षं त्यात बसतात.

वर चढण्याचा रस्ता सरळ नसतो, मागेही यावं लागतं, आणि त्यात कमीपणा नाही. जॉर्जिया विद्यापीठाचा कोच कर्बी स्मार्ट तिथलाच सेफ्टी. व्हाल्डोस्टा स्टेट या डिव्हिजन टू कॉलेजात २००१ मध्ये तो डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, म्हणजे संपूर्ण डिफेन्स त्याच्या हातात. पुढच्याच वर्षी ते सोडून तो फ्लोरिडा स्टेटमध्ये पुन्हा जीए झाला, कारण मोठ्या ठिकाणी शिकायचं होतं. आज त्याच्या नावावर २०२१ आणि २०२२ ची राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. आणि निक सेबन, सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेला, त्याला तर कोच व्हायचंच नव्हतं. पत्नीचं शिक्षण एक वर्ष उरलं होतं म्हणून १९७३ मध्ये केंट स्टेटला जीए म्हणून थांबला. मग ते काम त्याला आवडलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्या मुलाला पहिल्या वर्षी हे जमेल की नाही अशी शंका आली, तर ती वाईट खूण आहे असं दोघांनीही समजू नका.

शाळेच्या कोचिंगची वाट त्याने विचारात घेतलेली नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. मला ती फार मोलाची वाटते. देशात सुमारे दहा लाख मुलं हायस्कूलमध्ये हा खेळ खेळतात. त्यांतली फार थोडी कॉलेजात खेळतात. म्हणजे बहुतेक मुलांच्या आयुष्यातला एकमेव फुटबॉल कोच हा हायस्कूलचा असतो. तिथे कोचिंगचं मानधन बऱ्याच ठिकाणी वर्षाला काही हजार डॉलरच असतं, खरा पगार शिक्षकाचा. पण घर एका गावात राहतं. इकॉनॉमिक्सवाल्याला सामाजिक शास्त्रं शिकवता येतात, आणि बऱ्याच राज्यांत बीएडसारखा वेगळा अभ्यासक्रम न करता नोकरी करता करता शिक्षकाचा परवाना मिळवायची सोय आहे. पार्श्वभूमी तपासणी, प्रथमोपचार, कन्कशनचा कोर्स, एवढं झालं की दारं उघडतात. कर्बी स्मार्टचे वडील हायस्कूलचेच कोच होते. जीएची दोन वर्षं करून त्याला फिरस्तीचं आयुष्य नको वाटलं, तर तो हरलाय असं कुणी म्हणू नये.

रिक्रूटिंगबद्दल, म्हणजे संघासाठी खेळाडू मिळवण्याबद्दल, थोडक्यात. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं आणि आता खेळाडू कॉलेज सहज बदलतात. त्यामुळे चार वर्षांसाठी मुलगा आपला झाला असं कुणी धरून चालू शकत नाही. शब्द पाळणाऱ्या कोचकडेच मुलं टिकतात. तुमच्या मुलाला लोकांशी फोनवर बोलायचा कंटाळा असेल तर त्याने तो आजच घालवावा.

राहिला तुमचा मधला प्रश्न, हे वेड चार दिवसांचं आहे का. हे मला इथून सांगता येणार नाही, पण तुम्हाला घरात बसून तपासता येईल. खेळ संपल्यावर पहिल्या ऑगस्टमध्ये प्रत्येकाच्या पोटात खड्डा पडतो. दहा-बारा वर्षं ज्या महिन्यात पॅड चढवले त्या महिन्यात आता कुणी बोलावत नाही. काही मुलं त्या खड्ड्यापासून पळण्यासाठी कोच होतात, आणि वर्षभरात कळतं की त्यांना खेळायचं होतं, शिकवायचं नव्हतं. दोघांत फरक दिसतो तो फिल्म बघताना. त्याच्या शेजारी बसून त्याचा एखादा जुना सामना बघा. तो स्वतःचे इंटरसेप्शन (समोरच्यांचे झेललेले पास) पुन्हा पुन्हा लावतो, की म्हणतो, आई, हे बघ, इथे आमचा सेफ्टी दोन पावलं उशिरा आला आणि त्याला का उशीर झाला ते सांगतो?

आणि एक करा. रात्री जेवण झालं की त्याला सांगा, मला कव्हर थ्री समजावून दे. टेबलावर चमचे, वाट्या, मिठाची बरणी, काय लागेल ते घेऊ दे. मैदानाची रुंदी साधारण ५३ यार्ड. मागच्या तिघांनी ती तीन भागांत वाटून घ्यायची, चौघांनी त्यांच्या पुढची जागा राखायची, चौघांनी क्वार्टरबॅकवर धावून जायचं. इतकंच आहे ते. तुम्हाला कळलं नाही तर मनापासून सांगा की नाही कळलं. मग तो काय करतो ते बघा. आवाज चढवून तेच वाक्य पुन्हा म्हणतो, की थांबतो, चमचे उचलतो आणि दुसऱ्या पद्धतीने मांडतो? वीस मिनिटांनी तुम्हाला त्यातली मोकळी जागा बोट ठेवून दाखवता आली, तर विमा कंपनीला नकार कळवायला हरकत नाही.

डिव्हिजन टूच्या जागेला हो म्हणण्याआधी मुख्य प्रशिक्षकाला नाही, तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन जीएंना त्याने स्वतः फोन करावा. तीन गोष्टी विचाराव्यात: दोन वर्षांनी पुढची जागा मिळवायला तिथल्या कोचने फोन उचलून कुणाशी बोलणं केलं का, सरावात स्वतःचा गट शिकवायला मिळाला, की फक्त कार्डंच धरली, आणि हंगाम चालू असताना मास्टर्सच्या वर्गांना जाऊ दिलं का. तिन्हींना हो असेल तर सामान बांधा. कॅम्प ऑगस्टच्या सुरुवातीला लागतो आणि नव्या जीएला त्याआधी प्लेबुक (संघाच्या सगळ्या प्लेंची वही) पाठ करायला निदान तीन आठवडे हवेत, तेव्हा हे फोन या आठवड्यातच व्हायला हवेत. कॉर्नर शिकवण्याबद्दल त्याला काही विचारायचं असेल तर मला निरोप पाठवू दे. सुरुवात मी त्याच प्रश्नाने करीन: रिसिव्हर थांबल्यासारखं करतो, तेव्हा तू बघतोस कुठे?